अंगठ्याखालचा आवाज

वॉकीटॉकी मला कुणी शिकवली नाही. खोक्यातला कागद वाचून मी शिकले आणि कुंभकोणच्या आमच्या गल्लीतल्या देवळाच्या साऱ्या पुरुषांना शिकवली. तोंडापासून चार बोटं लांब धरा. बटण दाबा, श्वासभर थांबा, बोला, सोडा. एकानं बटण धरून ठेवलं की बाकीचे मुके होतात.

यंदाही तेप्पमच्या संध्याकाळी सेट वाटायला तळ्यावर गेले. या उत्सवात देवाचा तराफा दोरांनी ओढत तळ्यात तीन फेऱ्या घालतात. चार कोपऱ्यांना चार सेट, एक माझ्याचकडे. चौथा घ्यायला कुणी पुढे येईना. गेल्या वर्षी तो सेतूकडे होता.

गेल्या वर्षी तराफा वळत असताना मी पलीकडच्या कोपऱ्यावरच्या वत्सलेला सेटवरून झापत होते. प्रसादाच्या पोंगलात तूप कमी घातलं म्हणून! तमिळ मंडळींना कळू नये म्हणून घरच्या मराठीत, बटण दाबून, पुरी दोन मिनिटं. तेवढ्यात सेतूचा पाय दोरात अडकला. ओढणारे ओढत राहिले. सेतू तराफ्याखाली गेला, तो परत वर आलाच नाही.

सेतूच्या सेटवरून हाक का आली नाही, असं लोक विचारू लागले तेव्हा मीच ठासून म्हणाले, "बॅटरी भरलेली नसणार." बॅटरी भरायची त्याची बायको, गोमती. वर्षभर गल्ली तिला बोलत आली. बाकीच्या सेटवर मराठी कळणारी एकटी वत्सला; तिला खरं ठाऊक होतं; माझ्या जिभेला भिऊन ती गप्प. आणि मी, कुणाच्या बापाला न भिणारी, मीही गप्प.

"द्या अक्का, यांचा सेट मी धरते," गोमती म्हणाली आणि तिच्या कोपऱ्याकडे गेली.

तोंडावर सांगायची छाती झाली नाही. तराफा सुटायच्या आधी, साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगू म्हटलं. शेवाळाचा, ओल्या काथ्याचा वास येत होता. बटण दाबलं. "गोमती, बॅटरी भरलेली होती. चूक माझी..."

सेटमधून कुणी ओला श्वास घेतला.

बटण दाबलेलं असताना सेटला ऐकू येत नाही. मीच शिकवलंय ते साऱ्यांना.

"अक्का... तुमचं बोलणं जाहलं का?" सेतूचा आवाज होता तो.

अंगठा निघेना. तसंच सारं बोलून टाकलं, तूपसुद्धा. मग बटण सुटलं.

"गोमती... ऐकलंस?"

"ऐकलं, अक्का." ती रडत होती. "यांचाच आवाज. 'ओढूं नका, ओढूं नका'... आठ वेळां."

"आणि माझा?"

"तुमचा कोठें आला?"

सेट पायरीवर टाकला आणि तळ्याला वळसा घालून, धापा टाकत तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिचे दोन्ही हात धरले. तूप, वत्सला, माझा अंगठा, बॅटरीचं खोटं, एकेक शब्द तोंडानं सांगितला.

गोमती माझ्या ओठांकडे बघत राहिली, जणू मधे कुणी बटण धरून ठेवलं होतं आणि माझा शब्द पोचतच नव्हता. मग पदरानं डोळे पुसून हळूच म्हणाली,

"अक्का... सेटवर आणिक एकदां बोलवा ना यांना."