बंद पडल्यावर बघू

"हात काढा आधी!" मी ओरडले आणि त्याच्या मनगटावर चापट मारली.

भर दुपारी सोलापूरच्या नवी पेठेत गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. मागे रिक्षांची रांग, इंजिनातून वाफा... आणि हा पठ्ठ्या उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेला! मी स्कूटी सोडून धावले नसते तर तोंड भाजून घेतलं असतं.

"पाणी कधी बघितलं होतं?"

"चालत होती की गाडी... मग कशाला बघायचं?" तो हसला. गोड हसला, म्हणून मला आणखी राग आला.

अभिमन्यू करकंबचा, इथे नोकरीला. गाडी जुनाट. आमच्या अप्पांची तर तिच्याहून जुनी, पण दर रविवारी मी स्वतः ऑइल-पाणी बघते, पट्टा तुटायच्या आत बदलून घेते. हे सांगितलं तर म्हणतो कसा — "चालतीय तवर कशाला छेडायचं? बंद पडल्यावर बघू की!"

पुढे चहा झाले, भांडणं झाली. ब्रेक कुरकुरले तरी 'बघू', टायर गुळगुळीत झाले तरी 'बघू'. त्या शब्दानं माझं डोकं फिरायचं... आणि तो दिसला नाही तरी फिरायचं. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

मग पुण्याचं स्थळ आलं. रविवारी पाहुणे येणार होते. वाटलं, आता तरी बोलेल.

"येऊ देत की," तो म्हणाला. "बघू."

"माझं लग्न लागल्यावर बघणार काय रे?" मी तरातरा निघून आले.

शनिवारी जुळे सोलापुरात घरी पोचले, तर हा आमच्या सोफ्यावर! समोर अप्पा, चहा ओतलेली बशी हातात घेऊन.

"सुकन्या, पाहुण्यांना नको म्हणून कळवलं बघ," अप्पा खुशीत म्हणाले. "पोरगा स्वतःहून मागणी घालायला आलाय."

मी त्याला हाताला धरून जिन्यात ओढलं.

"बिघडायच्या आत आलो," तो म्हणाला. "तूच म्हणतीस न्हवं?"

"आणि मला विचारलंस? मी काय गाडी आहे, मालकाला विचारून घेऊन जायला?"

त्याचं हसू मावळलं. "तू न्हाय म्हणालीस तर... त्याला दुरुस्ती न्हाय गं. लई भ्यालो."

"मग भीत भीत विचार. पण मला विचार!"

कान लाल करून, अडखळत त्यानं विचारलं. तेवढ्यात शेजारच्या गिरिजाबाईंनी दार उघडलं.

"कुणाशी भांडायलीस गं एवढं?"

"नवऱ्याशी!" मी म्हणाले.