भिंतीवरची तिसरी ओळ

भिंतीवर प्रोजेक्टरची 'सिग्नल नाही' ही निळी पाटी पाचव्यांदा उमटली आणि शाल्मली तेरदाळेच्या तोंडून "मेल्या, आजच का रे!" असं निघून गेलं. तपासणीला आलेल्या समितीतले दोघं डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष नाडगौडा मॅडमनी घड्याळ पाहिलं. एक वाजता त्यांना सांगलीला दुसऱ्या रुग्णाकडे निघायचं होतं, आणि बारा पंचवीस होऊन गेले होते.

शाल्मलीच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचे वडील होते, अप्पा. तीस वर्षं वायरमन म्हणून मिरजेतले खांब चढले, आणि आता पक्षाघाताच्या दोन झटक्यांनंतर बोटसुद्धा हलत नव्हतं. पण त्यांच्या कवटीखाली नाण्याएवढी चकती बसवलेली होती. ती मेंदूतले संकेत टिपायची आणि लॅपटॉपवरचा 'मनोलेख' नावाचा प्रोग्राम त्यांची वाक्यं करायचा. चकतीची बॅटरी महिनाभरात संपणार होती. नवी बसवायची तर पुन्हा डोक्याचं ऑपरेशन. बोलतात ते अप्पाच, अशी समितीची खात्री पटली तरच त्याला परवानगी. नाही पटली, तर अप्पा कायमचे गप्प.

"दोन पडदे हवेतच का?" मॅडमनी विचारलं. "लॅपटॉपच दाखवा की आम्हाला."

"नको, मॅडम!" शाल्मली इतक्या जोरात बोलली की तिची तिलाच लाज वाटली. "म्हणजे, माझ्याकडे नुसती तांत्रिक खिडकी असते. अप्पांचं बोलणं भिंतीवर दिसेल. पाच मिनिटं द्या फक्त."

मनोलेखची कंपनी केव्हाच बुडाली होती. मागे उरलेला प्रोग्राम कुणा भल्या माणसाने सगळ्यांना फुकट खुला केला, पण तो चालायचा फक्त लिनक्स या संगणकप्रणालीवर, आणि लिनक्सचं घोडं अडलं की ते ढकलायला घरात शाल्मलीशिवाय होतं कोण? तिने केबल बदलली. जोडलेल्या पडद्यांची यादी मागवली. प्रोजेक्टर दिसला, हुश्श! पण भिंतीवर लॅपटॉपचीच नक्कल उमटायला लागली तशी तिने केबल उपसूनच काढली. दोन्ही पडदे वेगळे करून पाहिले, तर मनोलेखच बंद पडला. त्याचं आणि पडदे सांभाळणाऱ्या नव्या प्रणालीचं मुळीच पटत नव्हतं. ती लॉग आउट झाली, जुन्या प्रणालीतून पुन्हा आत शिरली, केबल खुपसली, मनोलेख सुरू केला. बारा चाळीस. देवा, एवढी वेळ निभावून ने रे.

"अप्पा, मॅडम विचारतायत, यंत्र चालू ठेवायचं का?"

लॅपटॉपवर पांढरीफटक रिकामी चौकट आली. ही अप्पांच्या बोलण्याची चौकट तर भिंतीवर जायची! शाल्मलीने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. प्रणाली बदलताना प्रोजेक्टरच मुख्य पडदा झाला होता, तिने तपासलंच नव्हतं, आणि तिची स्वतःची खिडकी भिंतभर पसरली होती.

मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. "एक. बंद करा, थकलो. एक्याण्णव टक्के. दोन. चालू ठेवा, बरा आहे. सहा टक्के." त्या थांबल्या. "हे काय आहे?"

"मनोलेख वाक्यं सुचवतो. ते वाक्य मनात असण्याची शक्यता पुढे लिहिलेली असते. आधी अप्पा पापणीने निवडायचे. दुसऱ्या झटक्यानंतर पापणीही ताब्यात राहिली नाही."

"मग आता कोण निवडतं?"

"मी."

"पहिलं वाक्य?"

"दुसरं," शाल्मली म्हणाली आणि तिचा बांधच फुटला. "दोन वर्षं दुसरंच! रोज सकाळी पहिल्या ओळीत हेच असतं हो. ते वाचायचंही मी आणि 'पाठवा'चं बटण दाबायचंही मीच? नाही जमलं मला. पण दुसरी ओळही त्यांच्याच डोक्यातून येते ना? सहा टक्के का होईना!"

एका डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. मॅडम मात्र भिंतीजवळ गेल्या. "आणि ही तिसरी?"

"तिसरी नसते. दोनच येतात."

"आहे ना. बघा."

शाल्मलीने डोळे पुसून पाहिलं. घरी लॅपटॉपच्या बुटक्या पडद्यावर ही खिडकी दोन ओळींखाली कापली जायची. आज भिंतीवर ती पहिल्यांदा पूर्ण उघडली होती.

'शालूला जमेल तसं. तीन टक्के.'

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ही ओळ आज आली होती, की दोन वर्षं रोज येत होती? रोज येत असेल, तर तिने अप्पांना फसवलं होतं, की त्यांचं ऐकलं होतं?

"बाई, आता कळफलकाला हात लावू नका," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "पुन्हा एकदा विचारा त्यांना. पहिली ओळ येईल ती मी लिहून घेणार. मग ती काहीही असो."

शाल्मली खुर्चीसमोर खाली बसली. अप्पांचा थंड हात तिने आपल्या हातात घेतला. दोन वर्षं ती रोज एकच विचारत आली होती, बरे आहात ना? भिंतीवरच्या ओळी पुसल्या गेल्या आणि पांढऱ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला.

"अप्पा, मला जमेल तसं नको," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"