चार हजार पुस्तकांची इरा

इराच्या शाळेत शनिवारी वाचनाचा तास असे. म्हणजे मुलं डोक्यावर टोप चढवून पाऊण तास झोपत आणि उठत तेव्हा वीस-पंचवीस पुस्तकं त्यांची वाचून झालेली असत. याला स्मृतिपेरणी म्हणत. एखादा जाणता वाचक पुस्तक वाचून संपवतो, तेव्हा त्याच्या मेंदूत त्या पुस्तकाची आठवण उरते. त्या आठवणीचा आराखडा घ्यायचा आणि चुंबकीय स्पंदनांनी तो मुलांच्या मेंदूत उतरवायचा, एवढीच कल्पना. नवव्या वर्षी इराची चार हजार पुस्तकं झाली होती. तिची आई केतकी हे साऱ्या मिरजेत कौतुकानं सांगायची. संमतीच्या कागदावर सहीही तिचीच होती.

त्या हिवाळ्यात इराचे बाबा ज्यावर नोकरीला होते, ते मालवाहू जहाज समुद्रात बेपत्ता झालं. अकरा दिवस गेले. इरा वेळेवर जेवत होती, शाळेत जात होती. बाबांचं तिनं एकदाही विचारलं नाही. केतकी स्वतः बधिर झालेली, तरी हे तिला खुपलं. बाराव्या दिवशी ती इराला तपासायला डॉ. शहनाज मुजावर यांच्याकडे घेऊन गेली. पेरणीचं तंत्र त्यांनीच बसवलं होतं. तपासणी झाल्यावर केतकीनं इराला बाहेर बसवलं.

"तिला बापाची माया नाही का हो, डॉक्टर?"

"आहे. तपासणीत स्पष्ट दिसतेय. मला सांगा, लहानपणी गोष्ट वाचताना पान उलटण्याआधी तुमचं काय व्हायचं?"

"काय व्हायचं? आता पुढे काय, म्हणून जीव टांगणीला लागायचा."

"तेच. वाचणारं मूल पानागणिक अंदाज बांधतं, घाबरतं, चुकतं. न घडलेलं मनात घडवून बघायची ती सवय. पेरणीत शेवट सुरुवातीबरोबरच येतो. इराला कधी कशासाठी थांबावंच लागलेलं नाही."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मुलांना किती आठवतं, ते आम्ही तपासत होतो. ती काय विचारतात, ते तपासायचं सुचलं नाही." डॉक्टर तपासणीचा कागद मिटत म्हणाल्या, "कागदी पुस्तक आणा. रोज एक पान वाचा. गुण येईलच असं मात्र मी म्हणत नाही."

केतकीनं जुन्या बाजारातून एक पुस्तक आणलं. त्यातली मुलगी शेळीच्या पिल्लासाठी कोरड्या विहिरीत उतरते आणि वरचा दोर सुटतो. तिथंच पान संपलं.

"आता काय होईल गं तिचं?" केतकीनं विचारलं.

"पुढच्या पानावर असेल ना," इरा म्हणाली आणि शांत बसून राहिली.

असाच आठवडा गेला. रविवारी केतकी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना खाली फोन वाजला. तो इरानं घेतला आणि वर येऊन ती आईला कपड्यांना लावायचे चिमटे देऊ लागली.

"कुणाचा होता?"

"बाबांच्या कंपनीचा. जहाज सापडलं म्हणाले. तुला फोन करायला सांगितलंय."

केतकीच्या हातातून चादर गळून पडली. "आणि बाबा? बाबा कसे आहेत, विचारलं नाहीस?"

इरानं आईकडे पाहिलं. काय चुकलं ते तिला खरंच कळेना.

"त्यांनी सांगितलं नाही," ती म्हणाली. "विचारायचं होतं का?"

केतकी जिन्याकडे धावली. मागे इरानं चादर उचलली, झटकली आणि तारेवर नीट पसरून घातली.