वायरींची चिठ्ठी

"हलू नका!"

यंत्रघराच्या शेवटच्या पायरीवर माझा एक पाय टेकला होता, दुसरा अजून हवेतच होता. पावसानं भिजून, धापा टाकत मी खाली उतरले होते... आणि समोर, खडकात कोरलेल्या त्या छोट्याशा खोलीत, एक उंच मुलगा ओठांवर बोट ठेवून उभा होता.

"मोठा भूकंप झालाय. लांब, उत्तरेला," तो कुजबुजला. "पहिली लाट आत्ताच पोचली. तुम्ही पाऊल टाकलंत तर यंत्रात भूकंपाऐवजी तुम्हीच दिसाल."

"दुसरी लाट कधी?" मीही कुजबुजले.

"दहा मिनिटांनी. तुम्हाला यातलं कळतं?"

"तिच्यावरच तर माझी पीएचडी आहे!"

"मग पाय हळूच टेकवा... पाताळकन्या."

मला हसू आवरेना. हसलं तरी यंत्र हलेल म्हणून ओठ दाबून धरले, तर तोच खांदे गदगदवत हसायला लागला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आम्ही हातभर अंतरावर निश्चल उभे होतो. माझ्या केसांतून पाणी निथळत होतं. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि इतक्या सावकाश पुढे केला, की तो माझ्यापर्यंत पोचायला जणू एक युग लागलं.

तो भूकंप-वेधशाळेचा तंत्रज्ञ होता. दिवसभर जमिनीखाली असायचा म्हणून विद्यापीठातल्या आमच्या विभागात सगळे त्याला 'तळघर' म्हणत. त्या दिवसानंतर मला वेधशाळेत फार कामं निघू लागली. टेकडी चढून जायचं, त्याच्या डब्यातलं अर्धं खायचं आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

"पण इतक्या खोल, जिथं कुणी गेलं नाही, तिथलं कळतं कसं हो?"

"सगळं त्या दुसऱ्या लाटेकडून. पृथ्वीच्या गाभ्याच्या थोडं वर दाब इतका भयंकर असतो, की खनिजाचे अणू आपली मांडणीच बदलतात. खनिज तेच, रूप नवं. त्यातून जाताना लाटेची थरथर दोन भागांत फुटते. एक डावी-उजवी हलते, दुसरी पुढे-मागे. जिथं खनिजानं रूप बदललंय, तिथं बहुधा डावी-उजवी आधी पोचते. सेकंद-दीड सेकंदाचाच फरक, पण तेवढ्यावरून ओळखायचं."

"म्हणजे खनिजानं कूस बदलली, हे तुम्हाला इथं बसून कळतं," तो म्हणाला. "आणि माणसाच्या मनातलं?"

"त्याला... जास्त नोंदी लागतात," मी म्हटलं, आणि डब्यात बघत बसले.

इथपर्यंत सांगायला गोड वाटतं. पुढचं सांगताना मान आजही वर होत नाही.

माझा निकाल उलटा येत होता! आमच्या वेधशाळेत ओळीनं अकरा भूकंपांमध्ये पुढे-मागे थरथर आधी पोचली होती. माझे मार्गदर्शक सर हरखून गेले. "हे कुणी पाहिलेलं नाही," म्हणाले. व्याख्यान ठरलं, बाहेरचे शास्त्रज्ञ यायचे ठरले. आईनं तर साऱ्या नातेवाइकांना फोन केले. आमच्या लेकीनं पृथ्वीच्या पोटातलं काहीतरी शोधलंय म्हणे!

व्याख्यानाच्या दोन दिवस आधी माझ्या टेबलावर त्याची चिठ्ठी होती. 'उन्हाळ्यात दुरुस्ती करताना यंत्राच्या आडव्या हालचालीच्या दोन वायरींची माझ्याकडून अदलाबदल झाली. पूर्व-पश्चिमेच्या जागी उत्तर-दक्षिण लागली. आज सरळ केल्या. मधल्या भूकंपांची नोंद वापरली असेल तर दुरुस्त करून घ्या. चूक माझी आहे.'

माझे अकराच्या अकरा भूकंप त्या मधल्या काळातले होते, आणि सगळे उत्तरेकडून आलेले. म्हणजे मी जिला पुढे-मागे समजत होते, ती खरं तर डावी-उजवीच थरथर होती.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग मी ती खणात, जुन्या कागदांखाली सरकवली. नंतर बघू, असं स्वतःला सांगितलं. नंतर काही बघायचं नाही, हे तेव्हाच मला ठाऊक होतं.

व्याख्यान रंगलं. शेवटी एका वयस्कर बाईंनी विचारलं, "यंत्राच्या दिशा तपासल्या होत्यात?"

"त्यात चूक असल्याचं वेधशाळेनं काही कळवलेलं नाही," मी म्हटलं.

आणि मग तो दिसला. शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस नीट विंचरून, माझं बोलणं ऐकायला आलेला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग नजर खाली वळवली आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत तो उठून गेला.

आठवड्याभरात सरांच्या लक्षात आलं. नव्या भूकंपांत थरथर अचानक सुलटी झाली होती, म्हणजे वेधशाळेत तंत्रज्ञाकडून वायरींची काहीतरी गडबड झाली होती. "त्यानं तुला खरंच कळवलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

आणि मी... दुसऱ्यांदा "नाही" म्हणाले.

त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. ऑफिसातल्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "पोरगं मुकाट्यानं लिहून गेलं गं. 'वायरी माझ्याकडून चुकल्या.' बस्स, एवढंच. आता नोकरी जाते की काय त्याची."

चिठ्ठीचं अवाक्षर नाही. माझं नाव नाही.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "मावशी तुझं कौतुक सांगत होती," आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. मी ताटावरूनच उठले. आईला सगळं सांगितलं. तिनं माझं ताट झाकून ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं, त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी सरांसमोर ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि पुसत बसले. त्याच सभागृहात, त्याच माणसांसमोर मी उभी राहिले. चिठ्ठी वाचली, माझी दोन्ही खोटी उत्तरं सांगितली, निकाल मागे घेतला. त्याची नोकरी वाचली. माझं वर्ष गेलं.

मग टेकडी चढले. तो दारातच केबल गुंडाळत बसला होता.

"माझी चूक मी लिहून दिली होती," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "चुकीची लाज वाटली नाही हो. पण तुम्ही 'कळवलं नाही' म्हणालात ना, तेव्हा मात्र तिथं बसल्याची लाज वाटली."

"मला इतक्यात माफ करू नका."

"नाहीच करत."

पण मला जा असंही तो म्हणाला नाही. केबलचं दुसरं टोक त्यानं माझ्या हातात दिलं.

पुढचे चार महिने आम्ही सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. तो दिशा मोजायचा, मी लाटा. निकाल आला तो अगदी साधा. डावी-उजवी थरथर आधी, जगात बहुतेक ठिकाणी दिसते तशीच. आमच्या उत्तरेलाही, त्या खोल अंधारात, खनिजानं रूप बदललेलं होतं. नवल काहीच नव्हतं. पण खरं होतं.

"पटलं?" मी विचारलं.

"पटलं. पेढे नाहीत, पण चहा पाजतो."

तो चहा ओतत असताना मी म्हटलं, "मला तुम्ही आवडता... फार आवडता. हे सांगायला मला तोंड नाही, ठाऊक आहे—"

"तोंड आहे की. लालबुंद झालंय, एवढंच."

मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. त्यानं कप खाली ठेवला.

"पुन्हा कधी काही चुकलं," तो म्हणाला, "तर सगळ्यांच्या आधी मला सांग."

'सांगा' नाही म्हणाला. 'सांग' म्हणाला.

"सांगेन," मी पुटपुटले. मान तशीच खाली. ती वर व्हायला वेळ लागला... आणि तेवढा वेळ तो चहा निवू देत थांबला.