कडक उन्हात गार पाणी

"उद्या मी पुढं, सम्राट मागं आणि विद्याश्री मधी! आणि जोतिबाचा चढ आला की कुणी रडायचं न्हाय!" सायकलीत हवा भरता भरता संयोगितानं फर्मान काढलं.

"रडतंय कोण? मागच्या खेपेला तूच उतरून ढकलत गेलतीस की!" तिचा धाकटा भाऊ सम्राट ओरडला.

त्यांची मैत्रीण विद्याश्री मात्र पायरीवरच बसली होती. एक वेणी घातलेली, दुसरी तशीच सुटी.

"मी न्हाय येत. उद्या अप्पांच्या बंबाची तपासणी हाय."

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत सौर बंब बसवणाऱ्या घरांना घरफाळ्यात, म्हणजे घरपट्टीत, सवलत मिळणार होती. विद्याश्रीचे अप्पा, म्हणजे बसाप्पा प्लंबर, यांनी पहिला बंब बसवला तो तानाबाईंच्या गच्चीवर. तानाबाईंचे गुडघे दुखायचे. रोज गरम पाण्यानं शेकायला मिळणार म्हणून त्या केवढ्या खूश! पण नळाला येतंय गार पाणी. गेल्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले, अंगणातल्या नळाखाली बोट धरलं आणि खालच्या खालीच लिहून गेले, 'बंब बंद'. उद्या ते पुन्हा येणार होते. उद्याही पाणी गारच निघालं, तर सवलत रद्द आणि बसाप्पांचं नाव बंब बसवणाऱ्यांच्या यादीतून कायमचं बाद!

"अप्पा रोज कामावरनं आल्यावर सगळं खोलून बघत्यात. कायबी बिघाड न्हाय," विद्याश्रीनं सांगितलं. "आणि लोक म्हणत्यात, बसाप्पानं फसवलं. काल अप्पा जेवलंच न्हाईत."

संयोगितानं पंप खाली ठेवला. "जोतिबाचा डोंगर कुठं पळून जात न्हाय. चला तानाबाईंकडं!"

"या पोरांनो!" तानाबाईंनी दारातूनच हाक दिली. "गार पाणी देऊ? माठातलं नगं, बंबातलंच घ्या!"

विद्याश्रीची मान खाली गेली. पण तिनं विचारलंच, "आज्जी, रोज गारच येतंय?"

"न्हाय गं बाई. सोमवारी आभाळ आलतं बघ, तवा चांगलं कोमट हुतं. मंगळवारी ऊन नुसतं भाजत हुतं, तर पाणी बर्फ!"

"आँ? ढगात गरम आणि उन्हात गार?" सम्राटनं डोळे विस्फारले. "ह्यो सूर्याचा बंब हाय का चंद्राचा?"

"तुम्ही वर जाऊन बघितलं का?" संयोगितानं विचारलं.

"ह्या गुडघ्यांनी? वर फकस्त कावळं जात्यात!"

तिघं धडाधड जिना चढले. पाच वाजून गेले होते. गच्चीवर तिरकी काळी काच चकाचक दिसत होती. टाकी ठीक, पाइप ठीक. सम्राट काचेवर वाकला, आणि...

"आऽऽक्छी! आऽऽक्छी! आऽऽक्छी!"

"सर्दी झाली व्हय रं उन्हाळ्यात?" संयोगितानं विचारलं.

विद्याश्रीनं काचेच्या खालच्या खाचेत बोट फिरवलं. बोटाला चपट्या पिवळ्या बिया चिकटल्या. तिनं वास घेतला, आणि तिचेही डोळे पाणावले. "मिरचीचं बी! हितं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टाकीमागं दबा धरून बसले. साडेनऊ झाले. शेजारच्या गच्चीचा बुटका कठडा ओलांडून कुणीतरी आलं. डोक्यावर हे एवढं गाठोडं!

"शेजारच्या धोंडुबाई!" संयोगिता पुटपुटली.

धोंडुबाईंनी गाठोडं उलगडलं. ती एक वाकळ होती! जुन्या लुगड्यांच्या दोन थरांत मिरच्या पसरून वर उभे-आडवे टाके घातलेले. त्यांनी ती अख्ख्या काचेवर अंथरली आणि चारी कोपरे सुतळीनं बांधू लागल्या. सम्राटनं नाक गच्च धरलं, पण...

"आऽऽक्छी!"

"आगं आई गं!" धोंडुबाई दचकून खालीच बसल्या. "कोण मेलं ते?"

विद्याश्री पुढं झाली. रात्रभर तिनं ठरवलं होतं, सापडला की चोराला चांगलं खडसावायचं. पण मिरच्यांनी लाल झालेले ते सुरकुतलेले हात पाहून तिचा राग कुठल्या कुठं गेला.

"मावशी, हितं कशाला वाळवताय?"

"मग कुठं वाळवू? माझ्या गच्चीवर त्या नव्या इमारतीची सावली पडतीया. निम्म्या पेठंची वर्षाची चटणी करायची हाय मला! ही काच नुसती तापत पडलेली. ऊन वाया घालवायचं व्हय? आभाळ आलं की मी आणतच न्हाय, आणि ऊन असलं तरी चारलाच गुंडाळून न्हेतो."

"ऊन म्हंजे बंबाचं जेवण हाय, मावशी. तुम्ही त्याच्या ताटावरच वाकळ टाकलीसा! म्हणून तर पाणी गार!"

धोंडुबाईंच्या हातातली सुतळी गळून पडली. "म्हंजे बसाप्पाला लोक बोलत्यात, ते माझ्यापायी? माझा गळका नळ त्यानं एक पैसा न घेता नीट करून दिलता की गं..." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग पदरानंच काच पुसायला घेतली.

दोन वाजता साहेब घाम पुसत आले. अंगणातला नळ सोडला, बोट लावलं. "गारच!" त्यांनी पेन काढलं. कोपऱ्यात उभ्या बसाप्पांनी डोळे मिटले.

"थांबा साहेब!" विद्याश्री ओरडली. "आधी पाइपात साठलेलं पाणी येतंय! वर टाकीपाशी चला!"

"एवढ्या उन्हात?"

"लिंबाचं सरबत वरच ठेवलंय साहेब!" सम्राट निरागसपणे म्हणाला.

"आणि पावणं, मी सत्तरीची बाई रोज चढतोय!" धोंडुबाईंनी वरून आवाज दिला.

साहेब निमूटपणे चढले. त्यांनी टाकीच्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "बाप रे!"

तेवढ्यात खालून तानाबाईंची आरोळी आली. अंगणातला नळ चालूच राहिला होता ना! "आगं बाई, पोळलं की! पोळलं!" इतक्या आनंदानं कुणी पोळल्याचं गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं.

'बंद' खोडून साहेबांनी 'चालू' लिहिलं. "मागच्या खेपेलाच मी जिना चढायला हवा होता. मुलांनो, खरी तपासणी तुम्ही केलीत! बसाप्पा, तुमचं काम पक्कं आहे."

धोंडुबाईंनी साऱ्या गल्लीसमोर चूक कबूल केली. बसाप्पा नुसते हसले. "आक्का, सम्राटच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतंय. तिथं तुमच्या मिरच्यांना उरलेल्या पाइपांचा मांडव घालून देतो की!"

"आमच्या गच्चीवर?" सम्राट घाबरला. "आऽऽक्छी!"

संध्याकाळी तानाबाईंनी बादलीभर गरम पाण्यात पाय सोडले. विद्याश्रीला पुढ्यात बसवलं आणि तिची कालपासून सुटीच राहिलेली वेणी घालायला घेतली. आत धोंडुबाईंच्या चटणीबरोबर बसाप्पा चौथी भाकरी मागत होते.

"सकाळी सहाला जोतिबा!" संयोगिता सायकलीची घंटी वाजवत म्हणाली. "आणि चढावर कुणी..."

"हलू नगं गं!" तानाबाई विद्याश्रीला म्हणाल्या. "घट्ट घालतो. चढाला सुटायची न्हाय!"