गुडघा गेला, झेंडा आला

"आजवर खाल्लेल्या शिव्यांमधली तुला सगळ्यात आवडलेली कोणती?"

विचारून झालं आणि तिचं तिलाच वाटलं, आता जमीन दुभंगली तर फार बरं होईल! पण मैत्रिणींनी पैज लावली होती — "हिंमत असेल तर त्या झेंडेवाल्या लाइनमनला विचारून ये!" — आणि हिंमत नाही म्हणायला ती काय साधीसुधी मुलगी होती? सगळं मैदान तिला तोफ म्हणायचं. तिचा दादा फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड, आणि दर रविवारी प्रेक्षकांतून उठणाऱ्या घोषणा हिच्याच डोक्यातून निघालेल्या. यमक जुळवायला तिला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नसे.

तो नळाखाली हात धूत होता. बोटांना मैदान आखायची पांढरी फक्की लागलेली. त्याने मान वर केली... भुवईवरून एक थेंब घसरला आणि पापणीवर अडकून बसला. तिला उगीचच तो पुसावासा वाटला.

"आंधळा उंट," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"का?"

"बाकीचे सरळ आईबापावर जातात. यात निदान माझी उंची तरी मान्य केली होती."

मागे मैत्रिणी खिदळल्या. हिच्या मात्र कानांच्या पाळ्या तापल्या.

"ती... माझी होती."

"माहितीये," तो हसला. "लाइनमनने प्रेक्षकांकडे वळून बघायचं नाही, हा रेफरींच्या वर्गातल्या आमच्या सरांचा पहिला धडा. पाठ फिरवून उभं राहिलं की कानांनाच डोळे फुटतात. अख्ख्या गर्दीतून तुझा आवाज निवडून काढेन मी."

पैज ती जिंकली. झोप हरली.

मग काय! दर रविवारी तिची जागा ठरली — त्याच्या रेषेच्या बरोब्बर मागे. घोषणा चालूच होत्या, पण "लाइनमन" या शब्दाला यमक काही केल्या जुळेना. सामना संपला की पाण्याच्या टाकीमागच्या पायऱ्यांवर दोघं बसत. तो तिला ऑफसाइड ओळखायला शिकवायचा.

"चेंडूकडे बघायचंच नाही."

"मग काय, तुझ्याकडे बघायचं?"

"तेही चालेल," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला. "चेंडू मारल्याचा आवाज कानाने टिपायचा. डोळे शेवटच्या बचाव करणाऱ्यावर. आवाज झाला त्या क्षणी पुढचा गडी त्याच्याही पुढे असेल, तर झेंडा वर. मग गडी तुझा सख्खा भाऊ असला तरी."

"शिव्या लागत नाहीत रे तुला?"

"त्या झेंड्याला देतात गं. मला कोण ओळखतं तिथे?"

"मी ओळखते की."

तिच्या बाहीवर उडालेली फक्की त्याने हळूच फुंकरीने उडवली... बस, एवढंच. पण तो शर्ट तिने आठवडाभर आईला धुऊ दिला नाही.

एकदा वारा सुटलेला, गवत नुकतंच कापलेलं. तो वास छातीत भरून घेत तो म्हणाला, "मी पण फॉरवर्ड होतो. सगळ्यांना वाटतं अभ्यासासाठी सोडलं. घरच्यांनीच तसं सांगितलंय. खरं म्हणजे गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, थोडंफार पळशील, पण खेळणं विसर."

"मग... झेंडा?"

"गवत सोडवेना." तो हसला, पण ते हसू ओठांपर्यंत येता येता विझलं. "बोलू नकोस हं कुणाला."

"शप्पथ."

आणि मग आला अंतिम सामना. बरोबरी, शेवटची काही मिनिटं, मैदान नुसतं पेटलेलं. दादाला पास मिळाला, तो सुसाट निघाला, चेंडू जाळ्यात! अख्खी गर्दी उभी राहिली...

आणि झेंडा वर होता.

खरी गोष्ट अशी, की तिने पाहिलं होतं. पास दिल्याचा ठोका तिने कानाने टिपला होता, आणि त्या क्षणी दादा हातभर पुढे होता. झेंडा बरोबर होता. तिच्याइतकं नीट ते त्या गर्दीत कुणालाच कळलं नव्हतं.

पण दादा गवतावर पालथा पडून रडत होता. शेजारी बाबा — आठवडाभर औषधाच्या दुकानात "गोळी जेवणानंतर घ्या हं, काकू" असं मऊ आवाजात सांगणारे बाबा — मानेच्या शिरा ताणून झेंडा धरलेल्या त्या मुलाच्या आईचा उद्धार करत होते. मागून पाठीवर थापा पडल्या. "तोफे, हाण! हाण त्याला!" सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि तिच्या तोंडाला तर सवयच होती ना... श्वास घ्यायचीही वाट न बघण्याची.

"गुडघा गेला — झेंडा आला!"

दोन टाळ्या. आणखी एकदा. मग ते तिच्या हातात राहिलंच नाही. शेकडो गळ्यांनी उचललं. गुडघा गेला! झेंडा आला!

त्याने वळून पाहिलं नाही. फक्त त्याची मान, कॉलरपासून कानांपर्यंत, हळूहळू लाल होत गेली. सामना संपेपर्यंत तो रेषेवर पळत राहिला — पाय किंचित ओढत. ते तिला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं.

ती नळापाशी धावली.

"ऐक ना... माझ्या तोंडातून निघून गेलं. दादा रडत होता, सगळे म्हणत होते, मी..."

"ऑफसाइड होता ना?" त्याने शांतपणे विचारलं.

"होता."

"मग झालं." त्याने नळ बंद केला. "बाकीच्यांच्या शिव्या माझ्या नव्हत्याच गं. तिथे कुणीही उभा असता तरी त्याला बसल्या असत्या. ही मात्र माझं माप घेऊन शिवलेली होती."

"मला तू आवडतोस," ती रडतच म्हणाली. कितीतरी दिवस जपून ठेवलेलं वाक्य, आणि बाहेर पडलं ते असं... हुंदक्यात अडखळत.

"मला पण तू," तो म्हणाला. "म्हणून तर सांगितलं होतं." आणि गेला.

पुढच्या रविवारी रेषेवर दुसराच कुणी होता. तिच्या लाइनमनने झेंडा सरांकडे परत केला होता. घोषणा मात्र राहिली. आता ती कुठल्याही लाइनमनसाठी चाले, पलीकडच्या मैदानावरही पोचली होती. गल्लीत पोरं खेळताना कुणी धडपडला तरी तेच. ती "गप्प बसा!" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडली, तर लोकांना वाटलं, तोफ नवीन काहीतरी सुरू करतेय.

एका संध्याकाळी जेवताना बाबा टेबलावर बोटांनी ठेका धरून गुणगुणत होते. गुडघा गेला...

"दुकानात गिऱ्हाईकंसुद्धा विचारतात, तुमच्याच लेकीने रचलं ना?" ते कौतुकाने म्हणाले.

"बाबा, त्याचा गुडघा खरंच गेलाय."

ठेका थांबला.

"आणि मी ऑफसाइड होतो," दादा ताटाकडे बघत पुटपुटला. "मला तेव्हाच कळलं होतं."

आईने वाढता वाढता हात मागे घेतला.

"मी आज त्याच्या सरांना भेटून आले," ती म्हणाली. आवाज तिच्या मानाने फारच हळू होता. "रेफरींच्या वर्गाला जाणार आहे मी. लाइनमनचं शिकणार."

"अगं, वेड लागलंय का?" आई घाबरली. "काय काय बोलतात तिथे! मुलीला तर आणखीनच घाणेरडं बोलतील. ऐकवेल तुला?"

"नाही ऐकवणार, आई. पण जाणार." मग ती बाबांकडे वळली. "बाबा, मी लाइनवर उभी राहीन ना, त्या दिवशी तुम्ही नेहमीच्याच जागी बसा. आणि त्याला जे जे म्हणालात, ते मला म्हणून दाखवा."