आग झाली की बटण दाबा

मिरजेत आता बाईची पन्नाशी जवळ आली की घरचे लोक तिला शीत बसवून आणतात. पूर्वी साडी घेत. ती निदान कपाटात पडून राही. शीत नाकाच्या छतातून मेंदूच्या तळाशी जाऊन बसतं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतं. दवाखान्यातून आल्यावर बाईला दारात ओवाळतात. नवरा, मुलगा, सून, सगळे हसतमुख. एखादा दीर हमखास म्हणतो, "चला, वहिनींना एसी बसला एकदाचा!" आणि सगळे खिदळतात. ती बाईही हसते. सन २०५६ मधला हा चालू विनोद आहे, आणि तो ऐकून ज्याला शिसारी येत नाही त्याला पुढची गोष्ट सांगून काही उपयोग नाही.

शीत म्हणजे भाताचं शीत, तेवढाच त्याचा आकार. शिवाय शीत म्हणजे थंड. एका शब्दात दोन अर्थ साधले म्हणून नाव ठेवणाऱ्यांना कोण आनंद झाला होता! आपल्या भाषेत एका शब्दाचे दोन अर्थ किती महागात पडू शकतात, याचा विचार मात्र त्यातल्या एकानेही केला नाही.

शोध मुळात चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. पाळी जायच्या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं. मेंदूच्या तळाशी तापमान सांभाळणारी जी जागा आहे, तिथल्या काही चेतापेशी त्यामुळे बेताल होतात आणि अंग गार असतानाही 'तापलं, तापलं' अशी हाकाटी करतात. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ब्लाउज घामाने भिजतो आणि दोन मिनिटांनी हुडहुडी भरते. दिवसातून दहा-पंधरा वेळा हा प्रकार, आणि झोपेचं खोबरं वेगळंच. शीत या पेशींवर पाळत ठेवतं. हाकाटी सुरू होण्याआधीच सौम्य विद्युत्-स्पंदनांनी ती दाबून टाकतं. या क्रियेला कंपनीने नाव दिलं होतं विझवण.

धनश्री मगदूमने शीत बसवलं ते एकोणपन्नासाव्या वर्षी. आठ बायकांना घेऊन ती चटणी-मसाल्याचा उद्योग चालवायची. एप्रिलात मिरचीचं कांडप चाललेलं, पत्रा तापलेला, त्यात अंगातून आतून उठणारी ती लाट. एकदा ती मिरचीच्या ढिगाशेजारीच चक्कर येऊन पडली होती. शिताने तिला झोप मिळाली. झोप मिळाली म्हणून सकाळी चालायला जाता येऊ लागलं, गुडघे मोकळे झाले. हे सगळं खरं.

तिच्या स्वभावातही फरक पडला. एका व्यापाऱ्याने बुरशी लागलेली मिरची दिली, तर पोतं त्याच्याच दारात ओतून आलेली ही बाई. ती आता "असू दे, वरची काढून टाकू" म्हणू लागली. नवरा अजित चारचौघांत सांगायचा, "आमचा तोफखाना थंडावला." लोक त्याचं अभिनंदन करायचे. त्याचं!

तीन वर्षांनी डॉ. तन्वी खाडिलकरांनी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. मिरजेत शिताची चाचणी घेणाऱ्या याच डॉक्टर. डॉक्टरबाईंचे डोळे जागरणाने सुजलेले होते आणि समोरच्या पडद्यावर धनश्रीच्या शिताची नोंदवही उघडलेली होती.

"धनश्रीताई, सुरुवातीचे तीन महिने तुमच्या हातात एक बटण दिलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय की. आग झाली की दाबायचं."

"कसली आग?"

"अंगाची. तुम्हीच लिहून दिलेलं ओ. 'अंगाची आग झाली की बटण दाबा.'"

"मग तुम्ही केव्हा केव्हा दाबलंत?"

"झाली तेव्हा तेव्हा. घामाघूम व्हायचे तेव्हा. मिरचीवाल्याने ओला माल गळ्यात मारला तेव्हा. आमचे हे लग्नघरात सगळ्यांदेखत म्हणाले, हिला काय कळतंय, तेव्हा तर दोनदा दाबलं." ती हसली. "का? चुकलं का माझं?"

"तुमचं नाही. माझं चुकलं."

डॉक्टर सांगू लागल्या. मूळ सूचना परदेशातून आल्या होत्या. मराठीसाठी समितीने 'उष्णतेची लाट' असा शब्द सुचवला. तो हवामानाच्या बातम्यांसारखा वाटतो, बायका असं बोलत नाहीत, असं तेव्हा डॉक्टरच म्हणाल्या होत्या. बायका 'अंगाची आग झाली' म्हणतात. समितीने टाळ्या वाजवल्या. मग तालुक्यातल्या अकराशे बायकांनी तीन महिने इमानेइतबारे, अंगाची आग झाली की बटण दाबलं.

"शिताला मराठी येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बटण दाबण्याच्या आधी मेंदूत काय घडतं, एवढंच ते बघतं आणि तेच विझवायला शिकतं. तापमानाची जागा ते शिकलंच. पण मेंदूच्या आत आणखी एक घडी आहे, इन्सुला नावाची. नासक्या दुधाचा वास आला की ती जागी होते. आणि कुणी नीचपणा केला तरीही तीच जागी होते. मेंदूला दोन्हींची किळस सारखीच. शीत तीही विझवायला शिकलं."

"म्हणजे मला आता राग येत नाही, तो—"

"येतो. रोज येतो. तुम्हाला कळायच्या आत विझतो."

"अगंबाई! आणि मला वाटलं, मी समजूतदार झाले."

धनश्री पुन्हा हसली. डॉक्टरांना ते हसू बघवेना. त्यांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. दहापैकी नऊ पूर्णांक आठ. बुरशीच्या मिरचीला कधी चारच्या वर नोंद नव्हती. "गेल्या वर्षी, चौदा मार्च, दुपारी चार वीस. तुमच्या तीन वर्षांतली ही सगळ्यात मोठी आग. सहा सेकंदांत विझवली. काय झालं होतं त्या दिवशी?"

धनश्रीने आठवून बघितलं. "सायली आली होती. माझी मुलगी, विट्याला दिलीय. तिचे सासरे न्हाणीघराच्या दाराशी उभे राहतात म्हणाली, ती आंघोळीला गेली की. आतली कडी मोडून ठेवलीय, बसवली की पुन्हा मोडतात. एकदा आतही आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझा गैरसमज आहे. मला घेऊन जा आई, म्हणत होती."

हे सगळं तिने शेवयांची कृती सांगावी तसं सांगितलं.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, घर म्हटलं की असं-तसं व्हायचंच, एवढं मनावर घेऊ नको. पोहे केले तिला. सहाच्या गाडीत बसवून दिलं."

डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या. त्यांना त्या म्हाताऱ्याची किळस वाटत होतीच. पण त्याहून जास्त त्या पोह्यांची होती. वरून कोथिंबीरही घातली असेल, असं त्यांच्या मनात आलं. आणि सगळ्यात जास्त किळस आली ती स्वतःच्या त्या ओळीची, जिला टाळ्या पडल्या होत्या.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी कंपनीला सगळं कळवलं होतं. उत्तर नम्र भाषेत आलं. अकराशे बायकांपैकी एकीचीही तक्रार नाही. कुटुंबीयांचं समाधान सत्त्याण्णव टक्के. सबब हा दोष मानता येत नाही; तरीही एखादीने स्वतः लेखी मागणी केल्यास तिचं शीत बंद करून द्यावं. वाचून थुंकावंसं वाटेल असं ते पत्र होतं. तक्रार करायला आधी अंगाची आग व्हावी लागते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

"बंद केलं तर?" धनश्रीने विचारलं.

"ते दोन्ही एकत्रच शिकलंय. राग परत येईल, तसा घामही येईल. झोप जाईल. त्यावर गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, मी सोबत राहीन. पण इतकं सोपं नसेल."

धनश्रीने पडद्यावरच्या त्या आकड्याला बोट लावून बघितलं. "मला काही वाटत नाहीये ओ डॉक्टर. नऊ पूर्णांक आठ म्हणताय, पण आत काही नाही. फक्त तुमचं तोंड बघून कळतंय, काहीतरी वाटायला पाहिजे होतं." मग ती म्हणाली, "पूर्वीची मी असते ना, तर तेव्हाच्या तेव्हा गाडी करून विट्याला गेले असते. त्याची गचांडी धरून भर रस्त्यात आणला असता. हे मला माहितीय. पाठ आहे. कागद द्या इकडं."

तिने सही केली. डॉक्टरांनी पडद्यावरची कळ फिरवली.

पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग गळ्याखालून लाली चढत आली, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. धनश्रीने पदराने मान पुसली, पुन्हा पुसली, आणि एकाएकी हात धुवायच्या बेसिनकडे धावली. पोटातलं सगळं बाहेर पडलं तरी ती ओकतच होती. "कडी मोडतो," ती मध्येच म्हणाली. "माझी पोर उघड्या दाराच्या न्हाणीत... आणि मी पोहे केले! शी! शी! मी तिला त्याच्याकडे परत पाठवली!"

तिने सायलीला फोन लावला. तो टेबलावरच ठेवल्यामुळे सायलीचा आवाज डॉक्टरांनाही ऐकू येत होता. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"बॅग भर," धनश्री म्हणाली. "मी निघालेय. तुला न्यायला येतेय."

"आत्ता? का गं? बाबा बरे आहेत ना?"

"त्या हरामखोराच्या घरात तुला एक दिवस ठेवायची नाही मी."

मग सायली हसली. अगदी मोकळं, समजूतदार हसली.

"अगं, ते होय! त्याचं काय घेऊन बसलीस आई आता? मी दाराला आतून बादली लावते. नाहीतर अंगावर गाऊन ठेवूनच आंघोळ करते. जमतं सगळं. दिवाळीनंतर धाकट्या जाऊबाई आल्यात ना, त्या परवा रडत होत्या, माहेरी जाते म्हणून. वीस वर्षांची पोर. तासभर बसून समजावलं मी तिला. ऐकलं बिचारीने. तू उगाच उन्हातान्हाची येऊ नकोस हं. ठेवते, भाजी लागेल."

फोन बंद झाला. धनश्रीच्या हनुवटीवरून घाम टेबलावर ठिबकत होता.

"तिलाही बसवलंय?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं. "इतक्या लहान वयात कुणी बसवलं?"

"नाही ओ," धनश्री म्हणाली. "तिच्या डोक्यात काही बसवलेलं नाही. त्या दिवशी मी 'मनावर घेऊ नको' म्हटलं, तेवढंच आहे."